विमानतळासाठी शिवलेली डोल

माझ्या आयुष्यात विमानतळ पहिल्यांदा आला तो कापडाच्या रूपात. बारा फूट लांब, तोंडाशी तीन फूट आणि शेपटीकडे जेमतेम फूटभर, एक पट्टा नारिंगी आणि एक पांढरा. धावपट्टीच्या बाजूला उंच खांबावर जे कापडी नळकांडं फडफडत असतं, ते. वैमानिक उतरताना त्याच्याकडे बघतो आणि वारा कुठून येतोय, किती जोराचा आहे हे ओळखतो. हे मला नंतर कळलं. आम्ही ते शिवत होतो तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं होती. आम्ही वाशीला सरकारी वसाहतीत दीड खोलीत राहत होतो. आजूबाजूला इमारती कमी आणि खड्डे जास्त. बाबा मुंबईत एका ऑफिसात शिपाई होते, रोज खाडीपुलावरून बसनं जायचे आणि यायचे. आमचं मूळ गाव कोकणात. आम्ही बौद्ध, त्यामुळे मुलीनं शिकायचं याबद्दल घरात कधी वाद झाला नाही. मी मॅट्रिक झाले, टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, वर सहा महिन्यांचा शिवणाचा कोर्स केला. बाबा आल्यागेल्याला हे तिन्ही न चुकता सांगायचे. पाठीमागे दोन भाऊ शाळेत होते आणि बाबांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती, हे मात्र ते कुणाला सांगत नसत.

नोकरी लागली ती पावणे गावाजवळच्या एका शेडमध्ये. बाहेर पाटी कारखान्याची होती, आत सहा मशीन आणि ताडपत्रीचे ढीग. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, यंत्रांची आच्छादनं, असला माल तिथे शिवला जायचा. शेठनं मला मुलाखतीत दोनच प्रश्न विचारले. इंग्रजी वाचता येतं का, आणि ड्रॉइंग समजतं का. पहिल्याचं उत्तर खरं होतं. दुसऱ्यालाही मी तितक्याच ठसक्यात "हो" म्हटलं. मला समजायचं ते ब्लाउजचं ड्रॉइंग. पण त्यानं कुठलं ते विचारलं नाही, मग मीही आपणहून सांगितलं नाही. मला चेकर म्हणून घेतलं, सहा महिन्यांच्या बोलीवर.

शिवणाऱ्या बायका जवळपासच्या गावांतल्या. त्यांच्यात सगळ्यात जुनी होती ती तळवलीची काकी. पन्नाशीची असेल. काष्ट्याचं लुगडं, दंड मल्लाचे. ताडपत्रीच्या चार थरांतून जाड सुई ती हातानं अशी काढायची की मशीनवाल्या बघत राहायच्या. तिच्या सासरचे खाडीत डोल लावायचे. डोल म्हणजे मोठं शंकूसारखं जाळं. तोंड रुंद, पुढे निमुळतं होत गेलेलं, आणि शेवटचं टोक, ज्याला ते खोला म्हणत, ते दोरीनं घट्ट आवळलेलं. खाडीत खुंट रोवून त्याला तोंड बांधायचं, भरतीओहोटीच्या पाण्याबरोबर मासळी आत शिरते आणि खोल्यात साठते. काकीनं लग्न झाल्यापासून डोली दुरुस्त केल्या होत्या. मग कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, मासळी हटली आणि काकी आमच्या शेडमध्ये आली.

तीन वर्षं ती तिथे काम करत होती, पण नगावर. हजेरीपटावर नाव नाही. नाव असतं तर कामगार विम्याचं कार्ड मिळालं असतं, आणि काकीला जगात दुसरं काही नको होतं. तिच्या नवऱ्याला काचबिंदू झाला होता. ठाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज थेंब घाला आणि लवकर ऑपरेशन करा, नाहीतर आहे ती नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही. कार्डावर सगळं फुकट होतं. काकी हे रोज कुणा ना कुणाला सांगायची. डबा खाताना मलाही सांगायची. "एकदा का कार्ड झाला ना बाय, की दुसरे दिशी नेतंय त्यांना." मी मान डोलवायची. तेव्हा मला ते ऐकून कंटाळा यायचा, हेही खरं आहे.

मग ती ऑर्डर आली. समुद्राकाठच्या एका शहराचा विमानतळ आंतरराष्ट्रीय होणार होता. तिथले पुष्कळ लोक आखातात नोकरीला, त्यांना आजवर मुंबईला येऊन विमान धरावं लागायचं; आता त्यांच्या गावाहून थेट विमान सुटणार होतं. त्या विमानतळाला वाऱ्याची चार नळकांडी हवी होती. शेठ एकदम खूष. अशी सरकारी ऑर्डर त्याला पहिल्यांदाच मिळाली होती. त्यानं मला आणि काकीला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "हा माल नीट गेला की दोघींना पर्मनंट करतो. तू चेकर, काकी शिवणावर. माझा शब्द."

काकी बाहेर आली आणि तिथेच ताडपत्रीच्या ढिगावर बसली. तिला रडू येत होतं.

ड्रॉइंग इंग्रजीत होतं. त्यात दोन गोल, काही तुटक रेघा, आकडे आणि बारीक अक्षरात सूचना. कटिंग मास्तरनं आकडे बघून कापड कापलं, ते त्याचं काम झालं. पट्टे जोडले, तोंडाशी लोखंडी कडीसाठी पट्टी शिवली. राहिलं शेपटीचं टोक. त्या दिवशी शेठ मुंबईला गेला होता आणि ड्रॉइंग त्याच्या कपाटात कुलपाआड होतं. काकीनं ते नळकांडं मांडीवर घेतलं, लांबपर्यंत न्याहाळलं आणि हसली.

"ही त आमची डोल गो! तोंड, पोट, सगला तसाच." मग टोक हातात धरून मला विचारलं, "या बंद कराचा ना? का उगरा ठेवाचा?"

उघडं ठेवायचं की बंद करायचं, एवढाच प्रश्न. मला उत्तर येत नव्हतं. उद्या शेठला विचारून सांगते, असं म्हणता आलं असतं. पण मग सगळ्या बायकांना कळलं असतं की चेकरबाईंना ड्रॉइंग समजलेलं नाही. आणि काकीचं बोलणं मला पटलंही होतं, टोक बांधल्याशिवाय आत राहणार काय? मी म्हटलं, "बंद करा."

काकीनं ते असं बंद केलं की बघत राहावं. टोक दुमडून चुण्या घेतल्या, नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी टाके घातले, वरून कापडाची पट्टी फिरवून पुन्हा शिवलं. चारही तशीच. मी हात फिरवून बघितलं, एकही टाका सैल नव्हता. चिठ्ठीवर 'तपासले' लिहून सही केली आणि माल गेला.

पंधरा दिवसांनी तार आली. शेठनं ती वाचली, मग ड्रॉइंग काढलं, मग मला बोलावलं. सूचना पाचव्या ओळीत होती: दोन्ही टोकं उघडी. ती मी ऑर्डर आली त्या दिवशीच वाचली होती. वाचली म्हणजे त्यावरून नजर गेली होती.

दिल्लीहून तपासणीची मंडळी चार दिवसांनी विमानतळावर येणार होती. त्यांनी पास केल्याशिवाय परदेशी विमानं सुरू होणार नव्हती. माल परत मागवायला वेळ नव्हता. तिथल्या माणसांनी ब्लेड लावून बघितलं तर टाके निघण्याआधी कापडच फाटलं. शेवटी शेठनं ठरवलं की काकीनं सुईदोरा घेऊन तिथेच जायचं, सोबत मी, कारण कुणीतरी इंग्रजीत बोलायला आणि लिहायला हवं. त्या शहरात शेठच्या मेव्हण्याचं दुकान होतं, राहायची सोय त्यांच्या घरी. निघताना शेठ म्हणाला, "तिथल्या साहेबाला लेखी रिपोर्ट पाहिजे, चूक कुणामुळे झाली त्याचा. एक कॉपी मला आण. मी आता कुणाला काही विचारत नाही. पण ज्याची चूक, त्याचं नाव कटाप." काकी शेजारीच उभी होती. दोघींनीही ते ऐकलं.

गाडीत काकी खिडकीशी बसली आणि वाटेतल्या प्रत्येक नदीला पाणी किती आहे ते बघत राहिली. चुकीबद्दल ती एकदाच बोलली. "तू सांगलास नि मी शिवला," ती म्हणाली, "दोगींना पन ठावा नव्हता." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तोच मला त्रास होता. तिनं भांडण काढलं असतं तर मलाही भांडता आलं असतं.

विमानतळ बघून माझा विरस झाला. आंतरराष्ट्रीय म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काचेचा महाल होता. इथे लाल मातीचं मैदान, एक धावपट्टी, बैठी इमारत आणि कंपाउंडपलीकडे नारळीची झाडं. आंतरराष्ट्रीय भाग म्हणजे हॉलच्या मध्यावर घातलेली प्लायवुडची भिंत. तिच्यापलीकडे दोन टेबलं, चार खुर्च्या आणि एक नवाकोरा वजनकाटा. बाहेर एक पेंटर परांचीवर उभा राहून पाटी रंगवत होता, त्याचं अर्धं काम झालं होतं. कुंपणाला लागून बरीच माणसं नुसती उभी होती. विमान नव्हतं, कुणी जाणार नव्हतं, तरी उभी होती. मागून कळलं की ती आसपासच्या गावातली आहेत. कुणाचा मुलगा आखातात, कुणाचा नवरा. आपला माणूस आता इथेच उतरणार, ती जागा बघायला लोक यायचे. कुणी डबे घेऊन आले होते.

साहेब भला माणूस होता. त्यानं आम्हाला धावपट्टीच्या कडेला नेलं. खांबावर आमचं नळकांडं टांगलेलं होतं. वारा आला की ते टम्म फुगायचं, जागेवर झटके द्यायचं आणि मग एकदम गळून खाली पडायचं. बाजूची एक शिवण उसवायला लागली होती. वारा आत जाऊन शेपटीतून निघाला तर ते वाऱ्याच्या जोराप्रमाणे उचललं जातं, साहेब समजावत होता, त्यावरून वैमानिकाला अंदाज येतो. हे असं नाचायला लागलं तर त्यानं काय समजायचं?

काकीला त्याचं बोलणं कळलं नव्हतं. ती मान वर करून बघत होती. अर्धं मिनिटही लागलं नसेल. तिनं कपाळावर हात मारला.

"जाल्यातून पानी जातं," ती म्हणाली. "कापरातून वारा कुठं जानार? आगं, हे डोक्यात कसा नाय आला माज्या!"

मी हे साहेबाला हिंदीत सांगितलं. तो हसला नाही, त्यानं डोल म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. त्यांच्याकडेही तसं जाळं असतं म्हणाला.

अग्निशामक गाडीच्या शेडमध्ये आम्ही बसलो. काकीनं स्वतःचे टाके एकेक करून सोडवले. त्यात सकाळ गेली. तिनं घातलेला टाका दुसऱ्या कुणाला निघाला नसता. मग कडेला दुहेरी पट्टी लावून शेपटीचं तोंड गोल बांधून काढलं, फाटलेल्या ठिकाणी ठिगळ मारलं. मी दोरा ओवून देत होते. दुपारी मुंबईहून येणारं विमान आलं, ते आमच्या डोक्यावरून इतकं खालून गेलं की शेडचे पत्रे थरथरले. काकी सुई हातात धरून दारापर्यंत गेली. विमान थांबल्यावर परत येऊन बसली.

"येवरा मोठा विमान," ती म्हणाली, "नि त्याला पन वारा इचारूनशी उतराला लागतं?"

पहिलं नळकांडं चढवलं तेव्हा तिथले सगळे जमले होते. ते एकदा लोंबलं, मग पोटाशी भरलं, आणि वारा शेपटीतून निघायला लागल्यावर अगदी सरळ, शांत, समुद्राकडून जमिनीकडे आडवं झालं. मला त्या क्षणी फार आनंद झाला. असा आनंद मला नंतर पगारवाढीलासुद्धा झाला नाही. काकी कमरेवर हात ठेवून बघत होती आणि साहेबानं तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

मग तो रिपोर्टचा कागद घेऊन आला.

साहेब म्हणाला, लांबलचक नको, चार ओळी पुरेत. काय चुकलं, कुणाकडून, आता काय दुरुस्ती केली. इंग्रजीत. खाली दोघींच्या सह्या. मी टेबलाशी बसले. काकी शेजारच्या स्टुलावर. तिनं मला काय लिहायचं ते सांगितलं, अगदी ठरवून आल्यासारखं. "आसा लिव, का सांगनारीनी चुकीचा सांगला नि शिवनारीनी तसाच शिवला. चूक दोगींची. दोगींची बोल्ल्यावर शेट तरी कोनाला काय करल?"

इतकं सोपं होतं. आणि खरंही तेच होतं, किंबहुना तिनं माझ्यावरचा अर्धा भार स्वतःच उचलला होता. मी पेन उघडलं. मला बाबा दिसत नव्हते, भाऊ दिसत नव्हते, पुढे लोकांना सांगताना मी ती कारणं दिली आहेत पण ती नंतर सुचलेली. खरं कारण लहान होतं. 'चेकरनं चुकीचं सांगितलं' हे वाक्य लिहायला घेतलं की त्याच्यामागून, मुलाखतीत खोटं बोलले होते हे आपोआप यायचं. मी लिहिलं की शेपटीचं टोक शिवणाऱ्या बाईनं सूचनेशिवाय, स्वतःच्या समजुतीनं बंद केलं, आणि तपासताना ते नजरेतून सुटलं. पुढे दुरुस्तीच्या दोन ओळी. अक्षर छान आलं होतं.

"वाच," काकी म्हणाली.

मी कागद समोर धरला आणि मराठीत वाचलं, "सांगणारीनं चुकीचं सांगितलं, शिवणारीनं तसंच शिवलं. चूक दोघींची आहे. आता दुरुस्ती केली आहे." वाचताना मी मध्ये अडखळलेही नाही. कागदावर जिथे ओळ संपत होती तिथे मी श्वास घेतला, म्हणजे खरंच वाचतेय असं वाटावं.

काकीनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि मी बोट ठेवलं तिथे उमटवला. मग लुगड्याला न पुसता तो तसाच वर धरून बसली, साहेबानं कागदाचा तुकडा देईपर्यंत.

आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून सांगितली जायची. माझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं. गावातल्या एका लिहित्या माणसानं त्यांना कागद वाचून दाखवला एक आणि अंगठा घेतला दुसऱ्यावर, आणि घरामागचा जमिनीचा तुकडा गेला. बाबांनी मला शिकवलं ते त्या गोष्टीच्या जोरावर. हे मला त्या टेबलाशी आठवलं नाही. परतीच्या गाडीत आठवलं, काकी समोरच्या बाकावर झोपली होती तेव्हा. मला स्वतःची शिसारी आली. तरी पिशवीतली कॉपी मी फाडली नाही. पावण्याला पोचल्यावर शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली.

शेठ कुणाला काही बोलला नाही. तो तसा बोलणारा नव्हताच. तपासणी पार पडली, विमानतळ पास झाला, बिल निघालं. पुढच्या महिन्याच्या हजेरीपटावर एक नाव वाढलं, ते माझं. काकीनं केबिनबाहेर लावलेला कागद मला वाचायला सांगितला. या वेळी मी होतं तेच वाचलं.

"शिकलेली ती शिकलेली," ती म्हणाली. "चल, एकीचा तरी झाला." आणि माझ्या गालावरून हात फिरवून मशीनकडे गेली.

तिला वाटलं की दोघींची चूक सारखीच लिहिली गेली आणि शेठनं शिकलेलीला ठेवलं. तसं समजणं तिला सोपं होतं, तिच्या आयुष्यात बहुतेक गोष्टी तशाच झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी सुकटीची चटणी आणली. बाबांनी ती चवीनं खाल्ली आणि म्हणाले, सोबतची माणसं चांगली मिळाली तुला. मी त्या दिवशी जेवले नाही, पोट दुखतंय म्हटलं.

त्यानंतर चार-पाच महिने ती होती. मी रोज सांगायचं ठरवायची. एकदा शेठच्या केबिनच्या दारापर्यंत गेलेही, आणि आत गेल्यावर सुया संपल्यात एवढंच सांगून आले. पावसाळ्यानंतर काम कमी झालं, नगावरच्या बायकांना रोज बोलावणं बंद झालं, आणि एका सोमवारी काकी आलीच नाही. तिच्या नवऱ्याला आता हाताला धरून न्यावं लागतं, असं दुसऱ्या एका बाईनं सांगितलं. मी डब्याचं झाकण लावत होते. मी म्हटलं, "हो का?"

मी त्या शेडमध्ये सहा वर्षं काढली. ड्रॉइंग वाचायला शिकले, चांगलंच शिकले. आणखी दोन विमानतळांची कामं आली, त्या प्रत्येक नळकांड्याची शेपटी मी स्वतः हात घालून बघितली. लग्न झालं, मग मी वाशीतच दुसरी नोकरी धरली.

काकी मला परत भेटली ती वाशीच्या घाऊक बाजाराबाहेर, ऐंशीचं दशक संपायला आलं होतं तेव्हा. उन्हाळ्यात आम्ही वर्षाचा कांदा भरायला गेलो होतो. नवरा आत गोणीचा सौदा करत होता आणि मी फाटकापाशी उभी होते. तिथे भिंतीच्या सावलीत काही बायका गाळ्यांतून टाकून दिलेला कांदा निवडून विकत बसल्या होत्या. काकीला मी लगेच ओळखलं. केस पार पांढरे झाले होते. तिच्या शेजारी तिचा नवरा पोतं अंथरून बसला होता, मान जरा वर करून. तो कांदा उचलायचा, अंगठ्यानं देठाकडे दाबायचा, चांगला असला तर उजवीकडे ठेवायचा, सडका असला तर डावीकडे. त्याचा हात भराभर चालत होता.

काकीला आनंद झाला. लग्न कधी झालं, पोरं किती, बाबा कसे आहेत, सगळं विचारलं. मी उत्तरं देत होते आणि माझी नजर त्या हातावर होती. मग मी खाली बसले आणि सांगितलं. रिपोर्टमध्ये मी काय लिहिलं होतं आणि तिला काय वाचून दाखवलं होतं, दोन्ही. आवाज खाली ठेवून, पण शब्द न चोरता. किती वर्षांनी सांगत होते, तरी मला वाटलं होतं की सांगून मला हलकं वाटेल.

काकी ऐकत राहिली. मध्ये एका बाईनं भाव विचारला, तो तिनं सांगितला. मग माझ्याकडे बघितलं. राग दिसेल असं मला वाटलं होतं, दिसला असता तर बरं झालं असतं.

"मंग आता मना कशाला सांगतंस?" ती म्हणाली. "आता मी या घेवूनशी काय करू?"

तिच्या नवऱ्यानं कांदा हातात तसाच धरून आमच्या दिशेनं तोंड वळवलं.

"कोन गो?" त्यानं विचारलं. "वलखीची हाय?"

काकीनं तराजू पुढे ओढला.

"नाय," ती त्याला म्हणाली. "गिऱ्हाईक हाय."